करकोच्याच्या नावाचा विमानतळ: ताजिमाची सफर

गुरुवार: इतामी ते ताजिमा

ओसाकाहून ताजिमातल्या तोयोओका शहराला जायला सरळ रेल्वे आहे. अडीच-पावणेतीन तासांत गाडी पोचवते. तरी आम्ही विमानाचं तिकीट काढलं ते बाबांसाठी. माझा धाकटा भाऊ कोबेला नोकरी करतो. त्याच्याकडे आल्यापासून बाबांनी क्योतोची देवळं पाहिली, ओसाकाचा किल्ला पाहिला, पण रोज संध्याकाळी त्यांचा एकच प्रश्न असायचा, "इथं धान कुठं पिकते?" गोंदिया जिल्ह्यात आमगावजवळ आमची धानाची शेती आहे. भाऊ म्हणाला, "ताई, तू बाबांना घेऊन ताजिमाला जा. आणि विमानानं जा, वरून सगळ्या बांध्या दिसतील." बांधी म्हणजे आमच्याकडे भाताचं खाचर.

ताजिमा म्हणजे ह्योगो प्रांताचा उत्तरेकडचा भाग. कोबे त्याच प्रांतात, पण दक्षिणेच्या किनाऱ्याला. मध्ये डोंगरांची रांग, आणि पलीकडे जपानचा समुद्र. तिथे तोयोओका शहराजवळच्या टेकडीचा माथा सपाट करून बांधलेला विमानतळ १९९४ साली सुरू झाला. धावपट्टी १२०० मीटरची. नियमित विमानं जातात ती फक्त ओसाकाच्या इतामी विमानतळावर, दिवसातून दोनदा. विमानतळाचं पूर्ण नाव 'कोनोतोरी ताजिमा', आणि कोनोतोरी हा इथला पांढरा करकोचा.

विमान ४८ आसनांचं, पंख्याचं. पंख खिडक्यांच्या वर असल्यामुळे खालचं सगळं मोकळं दिसतं. खिडकीची जागा मात्र आधीच मागून घ्या. इतामीची घरं संपली की डोंगर लागतात आणि मग डोंगरच राहतात. त्यांच्या मधल्या चिंचोळ्या खोऱ्यांत एकेक ओढा, आणि ओढ्याच्या दोन्ही काठांना कापणी झालेली भातखाचरं. बाबा कपाळ काचेला टेकवून बसले होते. "डोंगर सोडला नाही, पण सपाट जागा एक इंच वाया घालवली नाही," एवढंच म्हणाले. पाऊणएक तासाच्या आत उतरलोसुद्धा.

इथे विमानाला जोडणारा बोगदा वगैरे काही नाही. पायऱ्या उतरायच्या आणि डांबरावरून चालत इमारतीत जायचं. हवेला ओल्या गवताचा वास होता. सामान हातात आलं तोवर बाबांनी सहप्रवाशांचा अंदाज घेतला होता: कोट घातलेले चार-पाच जण, लहान मूल घेतलेली एक आई, दोन-तीन आजीबाई. पर्यटक दिसत होतो ते आम्हीच. इथून इतामीला आणि तिथून विमान बदलून टोकियोला, असा प्रवास करणारे स्थानिक लोक बरेच. त्यांच्या तिकिटाला इथल्या नगरपालिका अनुदान देतात. एवढ्याशा विमानतळावर पैसा घालावा का, यावर जपानमध्येही वाद होतात. मला विचाराल तर घालावा. तरुण माणसं शहराकडे निघून चाललेल्या खोऱ्यात दिवसाला दोन विमानं येतात, याचा आधार तिकिटांच्या हिशोबात मावत नाही.

विमान उतरलं की त्याच वेळेला बस लागलेली असते. तोयोओका स्टेशनला पंधराएक मिनिटांत पोचते. ही बस सोडू नका, पुढची पुढच्या विमानालाच. खिशात सुटे येन ठेवा, बसमध्ये लागतात.

दुपारी करकोच्यांच्या उद्यानात गेलो. एके काळी जपानभर दिसणारा हा पक्षी आधी शिकारीने कमी झाला. मग युद्धकाळात त्याच्या घरट्यांचे पाइन तोडले गेले आणि युद्धानंतर शेतात पाऱ्याची कीटकनाशकं आली. बेडूक-मासे मेले, त्यांच्यामागे पक्षीही. १९७१ साली शेवटचा रानटी करकोचा याच तोयोओकात मेला. पिंजऱ्यातल्या पक्ष्यांनाही पिल्लं होईनात. १९८५ साली रशियातल्या खाबारोव्स्कहून सहा कोवळे पक्षी आणले, १९८९ साली पहिलं पिल्लू वाढलं, आणि २००५ च्या सप्टेंबरमध्ये पाच पक्षी मोकळ्या आकाशात सोडले. आज जपानच्या आकाशात ३०० हून जास्त आहेत.

उद्यानात एक जुना फोटो लावला आहे, १९६० सालचा. नदीच्या उथळ पाण्यात एक शेतकरीण, तिच्या गाई, आणि त्यांच्यामध्ये बिनधास्त उभे असलेले बारा करकोचे. बाबा त्या फोटोपुढून हलेनात. महाराष्ट्रात सारस उरलेत ते मुख्यतः आमच्या गोंदियात आणि शेजारच्या भंडाऱ्यात, तेही मोजके. आमच्या शेजारच्या बांधीत एका जोडीनं घरटं केलं होतं तेव्हा त्या मालकानं घरट्याभोवतीचं धान कापलंच नव्हतं. ती गोष्ट बाबा अजून सांगतात.

बाहेर खाचरांत चार करकोचे चरत होते. उभे राहिले की लहान मुलाच्या उंचीचे, पंख पसरले की दोन मीटर. काळी चोच, डोळ्याभोवती लाल कडा. मोठे झाल्यावर हे पक्षी ओरडत नाहीत, चोचीचे दोन भाग एकमेकांवर आपटतात. तो खटखटाट दूरच्या बांधावरूनही स्पष्ट ऐकू आला.

उद्यानाशेजारी वर्षभर पाणी धरून ठेवलेली काही पडीक खाचरं आहेत. तिथे सत्तरीचे एक शेतकरी बांध दुरुस्त करत होते. बाबांनी वाकून नमस्कार केला, त्यांनीही केला. मग मोबाइलवरचं भाषांतर आणि दोघांचे हात यांवर पुढचा तासभर गेला. इथल्या 'करकोचा-पोषक' शेतीत कीटकनाशक एकतर मारतच नाहीत किंवा अगदी कमी मारतात. हिवाळ्यातही खाचरात पाणी ठेवतात. उन्हाळ्यात धान वाढीला लागल्यावर पाणी काढायचं असतं, तेही बेडकाच्या पिल्लांना पाय फुटून ती बाहेर पडेपर्यंत थांबवतात. खाचराच्या कडेला खोल चर ठेवतात, म्हणजे पाणी काढलं तरी जिवांना आसरा राहतो. पाटातून खाचरात मासे चढावेत म्हणून छोट्या पायऱ्यांची पन्हळ बसवतात.

त्यांनी बाही सारली, कोपरापर्यंत हात पाण्यात घातला आणि तळाची मूठभर गाळमाती वर काढून बाबांच्या तळहातावर ठेवली. लोण्यासारखी मऊ. त्यात केसाएवढे तांबूस किडे वळवळत होते. हे किडे माती खातात आणि बारीक करून वर टाकतात, त्या थराखाली तणाचं बी दबून जातं. बाबांनी माती अंगठ्यानं चोळली, वास घेतला, पुन्हा चोळली. "म्हणजे निंदणीचं काम किडा करते," ते मला म्हणाले. मी ते टंकून दाखवल्यावर ते आजोबा इतक्या आनंदानं मान हलवायला लागले की आम्हालाही हसू आवरेना.

इथे येणार असाल तर दुपारी या, तेव्हा पक्ष्यांना खाऊ घालतात आणि रानातलेही करकोचे त्यावर उतरतात. सोमवारी उद्यानातलं संग्रहालय बंद असतं. याच शेतीतला तांदूळ छोट्या पिशव्यांत विकत मिळतो. आम्ही घेतला, आणि भावाच्या घरी वरणाबरोबर खाल्ला. दाणा आखूड, चिकट, चव गोडसर.

शुक्रवार: किनोसाकी आणि गेन्बुदो

किनोसाकी हे गरम पाण्याच्या झऱ्यांचं गाव, तोयोओकाहून रेल्वेनं दहा-बारा मिनिटांवर. गावातून छोटी नदी वाहते, तिच्यावर दगडी कमानीचे पूल, काठाला विलोची झाडं. पाय मोडलेला करकोचा इथल्या पाण्यात उभा राहून बरा झाला आणि त्यावरून लोकांना झरा कळला, अशी एका स्नानगृहाची दंतकथा आहे. दुसरी कथा एका भिक्षूची. हजार दिवस प्रार्थना केल्यावर ७२० साली त्याच्यासाठी पाणी उसळलं म्हणतात.

गावात सात सार्वजनिक स्नानगृहं आहेत. कुठल्याही पारंपरिक निवासात उतरलात की सगळ्यांचा पास मिळतो. सुती युकाता, म्हणजे हलका किमोनो, अंगात, लाकडी खडावा पायांत, आणि खडावांचा आवाज करत अख्खं गाव या स्नानगृहातून त्या स्नानगृहात फिरत असतं. युकात्याच्या नक्षीवरून दारातले कर्मचारी ओळखतात की तुम्ही कोणत्या निवासातले.

आपल्याकडच्या माणसाला अवघड जाते ती एकच गोष्ट: आत कपडे घालायचे नसतात. बायका आणि पुरुष अर्थातच वेगळे. आधी स्टुलावर बसून साबण लावून स्वच्छ आंघोळ करायची, मगच कुंडात उतरायचं. छोटा पंचा कुंडाच्या पाण्यात बुडवायचा नाही, डोक्यावर ठेवायचा. मला काळजी बाबांची होती. पुरुषांच्या बाजूला ते एकटेच जाणार होते. अर्ध्या तासानं ते लालबुंद चेहऱ्यानं बाहेर आले, सोबत एक आजोबा. त्यांनी बाबांना बादली कुठे, पंचा कुठे, सगळं खुणेनं दाखवलं होतं, आणि नंतर गार दुधाची बाटलीही पाजली होती. संध्याकाळी बाबा माझ्या आधी तयार होऊन दारात उभे होते.

प्रत्येक स्नानगृहाचा आठवड्यातला सुटीचा वार वेगळा आहे. सातही एकाच दिवशी सापडणं कठीण, निवासातून यादी मागून घ्या. गोंदवलेल्या अंगाच्या माणसांना जपानात बऱ्याच ठिकाणी कुंडात येऊ देत नाहीत, इथल्या सार्वजनिक स्नानगृहांत येऊ देतात.

मधल्या वेळात गेन्बुदोला गेलो. मारुयामा नदीच्या काठी बसाल्टच्या खांबांचा कडा आहे, सुमारे १६ लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. लाव्हा थंड होताना आकसतो, तडे जातात आणि पाच-सहा कोनांचे खांब तयार होतात. आपला दख्खनही याच दगडाचा, आणि असे खांब मुंबईत अंधेरीच्या गिल्बर्ट हिलला उभे आहेत, वयाने याहून कितीतरी जुने. पण विज्ञानाच्या इतिहासात गेन्बुदोची जागा वेगळी आहे. १९२६ साली मातुयामा मोतोनोरी या क्योतोच्या भूभौतिकशास्त्रज्ञानं इथला दगड तपासला, तर त्यातलं चुंबकत्व आजच्या उलट दिशेचं निघालं. पृथ्वीचे चुंबकीय ध्रुव कधी काळी उलटे होते, हे त्यानं १९२९ मध्ये मांडलं. आज सुमारे २५.८ लाख ते ७.७ लाख वर्षांपूर्वीच्या त्या उलट्या कालखंडाला त्याचंच नाव आहे. कड्यापाशी उभं राहून हे वाचताना माझ्या अंगावर शहारा आला.

१९२५ च्या मे महिन्यात मोठा भूकंप झाला. किनोसाकी कोसळलं आणि जळालं. या कड्याचेही दगड निखळले, ते वाहून नेऊन गावानं नदीचे काठ बांधले. हे कळल्यावर मी किनोसाकीच्या पुलावर उभी राहून काठाकडे पाहिलं तेव्हा ते षट्कोनी तोंडाचे काळे दगड ओळखू आले. आदल्या रात्री त्याच पुलावरून खडावा वाजवत दोनदा गेले होते.

जेवणाचं: प्रसिद्ध आहे तो हिमखेकडा, पण त्याचा हंगाम ६ नोव्हेंबरला उघडतो आणि आम्ही ऑक्टोबरअखेर गेलो होतो. निवासात मासे, रताळी, कंदमुळं, मशरूम आणि याच खोऱ्यातला भात मिळाला. या भागातल्या गोमांसाचं नाव जगभर आहे. आमच्याकडे खात नाहीत, हे आरक्षणाच्या वेळीच कळवलं होतं, आणि आमच्या ताटात त्या जागी टोफू आणि वांगं आलं. शाकाहारींनी मात्र नीट लिहून कळवावं, कारण साध्या दिसणाऱ्या सारातही वाळवलेल्या माशाचा अर्क असतो.

शनिवार: इझुशी

सकाळपासून पाऊस. थांबतोय म्हणावं तोवर ऊन, ऊन म्हणावं तोवर पुन्हा सर. निवासाच्या मालकीणबाईंनी आग्रहानं छत्री दिली. जेवणाचा डबा विसरलात तर चालेल, छत्री विसरू नका, अशी या किनाऱ्याची म्हण आहे.

इझुशीला रेल्वे नाही, तोयोओकाहून बस. किल्ल्याच्या पायथ्याचं जुनं गाव, मातीच्या भिंती, आणि मधोमध पूर्वी नगारा वाजवायचा मनोरा. त्यावर १८८१ साली घड्याळ बसवलं, ते अजून वेळ दाखवतं. १७०६ साली इथला सरदार बदलला. शिनानो प्रांतातून आलेल्या सेंगोकू घराण्यानं सोबा बनवणारे कारागीर बरोबर आणले आणि कुट्टूच्या शेवया इथे रुजल्या. आता गल्लोगल्ली सोब्याची दुकानं आहेत.

वाढतात ते पांढऱ्या छोट्या बशांत. एका माणसाच्या ताटाला पाच बशा, प्रत्येकीत तीन-चार घासांच्या गार शेवया. बाजूला सार, कांद्याची पात, वासाबी, किसलेला चिकट कंद आणि एक कच्चं अंडं. आधी नुसत्या सारात बुडवून खायच्या, मग हळूहळू एकेक जिन्नस घालायचा. शेवटी शेवया उकडलेलं गरम पाणी उरलेल्या सारात ओतून प्यायचं. बाबांना हे पाणी फार आवडलं. आमच्याकडे भाताची पेज टाकून देत नाहीत, तेव्हा त्यांना त्यात नवल वाटलं नाही. पलीकडच्या बाकावर शाळेच्या गणवेशातली मुलं बशांचे मनोरे रचत होती. दुकानाच्या काकू प्रत्येक मनोऱ्यावर टाळी वाजवत नवीन बशा आणत होत्या.

१९०१ सालचं लाकडी नाट्यगृहही इथे आहे. वर्षानुवर्षं बंद होतं, २००८ साली दुरुस्त करून उघडलं. प्रयोग नसेल तेव्हा आत हिंडू देतात. रंगमंचाखाली जाऊन फिरता मंच माणसं कशी ढकलत ते बघता येतं. चुकवू नका. दुपारनंतर सोब्याची बरीच दुकानं बंद होतात, म्हणून आधी जेवण, मग नाट्यगृह.

संध्याकाळी रेल्वेनं वादायामाला मुक्काम.

रविवार: ताकेदाचा गड

गडकिल्ले फिरणाऱ्यांनी हा दिवस राखून ठेवावा. ताकेदाचा गड ३५३ मीटर उंचीच्या डोंगरावर आहे. पंधराव्या शतकात उभा राहिला. आज दिसणारे दगडी तट सोळाव्या शतकाच्या अखेरीचे, शेवटचा गडकरी आकामात्सु हिरोहिदे याच्या काळातले. १६०० च्या सेकिगाहारा लढाईनंतर तो गेला आणि गड ओस पडला. इमारत एकही उरलेली नाही. न घडवलेले दगड चुन्याशिवाय एकावर एक रचलेले आहेत, आणि चारशे वर्षं पाऊस, बर्फ आणि भूकंप सोसून उभे आहेत.

पहाटे टॅक्सीनं समोरच्या डोंगरावरच्या रित्सुउन्क्यो या जागी गेलो. सप्टेंबरअखेर ते डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत, निरभ्र आणि वारा नसलेल्या रात्रीनंतर, मारुयामा नदीवरचं धुकं खोऱ्यात भरून राहतं. आदल्या दिवशीचा पाऊस रात्री उघडला होता, म्हणून टॅक्सीवाले काका खुशीत होते. अंधारात पायऱ्या चढलो. उजाडलं तेव्हा खाली गाव नव्हतं, रेल्वे नव्हती, नदी नव्हती. पांढरा सपाट थर, आणि त्यातून वर आलेला गडाचा लांबट माथा. धुकं स्थिर नसतं. तटाच्या एका टोकाला चढलं, ओसरलं, मग दुसऱ्या बाजूनं आलं. पन्नासएक माणसं होती, कुणी मोठ्यानं बोललं नाही. आठच्या सुमारास खालून शाळेची का कसलीशी घंटा ऐकू आली आणि भोकं पडत पडत गाव दिसायला लागलं.

नंतर खुद्द गडावर गेलो. तटाला कठडा नाही, मुलं बरोबर असतील तर हात सोडू नका. बाबा एका कोपऱ्याच्या दगडावर हात ठेवून बराच वेळ बसले. संध्याकाळी तोयोओकाला परतताना गाडीत त्यांनी ठरवून टाकलं होतं: "आपल्याकडं हिवाळ्यात एवढं पाणी नसते. पण बांधीच्या कडेला चर तर खोदता येते. बोडीखालच्या दोन बांध्यांत खोदू." बोडी म्हणजे आमच्याकडचं छोटं तळं.

सोमवार: ढग उतरले

सकाळच्या विमानाचं तिकीट होतं. विमानतळावर पोचलो तर टेकडीवर ढग बसलेला, धावपट्टीचं दुसरं टोक दिसेना. विमान इतामीहून 'सशर्त' निघालंय असा फलक लागला: उतरता आलं नाही तर ते परत जाईल. इथे हे अधूनमधून होतं, हिवाळ्यात बर्फामुळेही. थोड्या वेळानं ढगातून पंख्यांचा आवाज आला. सगळे खिडकीपाशी गेले. आवाज जवळ आला, लांब गेला, पुन्हा आला आणि मग दक्षिणेकडे विरून गेला.

घोषणा होण्याआधीच बाजूच्या आजीबाईंनी पिशवी उचलली होती. टोकियोला मुलीकडे निघाल्या होत्या. काउंटरवरच्या मुलींनी रेल्वेच्या वेळा छापून हातात दिल्या, पैसे परत मिळण्याची नोंद केली, आणि कुणाला पुढे कुठे जायचंय ते विचारून टॅक्सीत माणसांची जुळवाजुळव करून दिली. आजीबाई आमच्या टॅक्सीत आल्या, स्टेशनवर आम्हाला फलाटापर्यंत सोडून मग स्वतःच्या गाडीकडे गेल्या.

तेव्हा एक पक्कं धरा: भारतात परतायचं विमान असेल त्याच दिवशी ताजिमाहून उड्डाण ठेवू नका, मध्ये एक मुक्काम हवाच. जाताना विमान आणि येताना रेल्वे, हे सगळ्यात बरं. किनोसाकीपर्यंतची रेल्वे कान्साई विभागाच्या मोठ्या पासमध्ये येते. ताकेदाचा गड जानेवारी-फेब्रुवारीत बंद असतो. खेकड्यासाठी हिवाळ्यात जाणार असाल तर गड सोडून द्या आणि निवास महिनाभर आधी ठरवा. धानाची रोवणी आणि घरट्यातली करकोच्याची पिल्लं दोन्ही बघायची असतील तर मे-जूनमध्ये जा.